देवमाशाला सुरी

माझ्या माहेरच्या अंगणात एक हाड होतं. पाटाएवढं रुंद, मधे जाड आणि दोन्ही बाजूंना पसरलेलं. देवमाशाच्या पाठीच्या कण्यातला तो एक मणका. पणजोबांच्या काळात कधीतरी समुद्राने आणून टाकलेला. रायगडच्या किनाऱ्यावरचं आमचं कोळ्यांचं गाव. नारळी पौर्णिमेला आधी त्या हाडाला शेंदूर लागायचा, मग नारळ घेऊन सगळे समुद्रावर जायचे. ते हाड बसायला इतकं सोयीचं दिसायचं, की नवा पाहुणा हटकून त्याच्यावर टेकायला जायचा आणि माझा बाप त्याच्यावर खेकसायचा. आम्हा पोरांना तर त्याला पाय लावायचीही चोरी होती.

देवमासा किनाऱ्याला लागला की गाव त्या दिवशी होड्या काढत नसे. त्याला हळदकुंकू, फुलं वाहायची, नारळ फोडायचा आणि जमेल तसा वाळूत पुरायचा. सुरी लावायची नाही. खाडीपलीकडच्या मुसलमानांच्या गावात मात्र त्याची चरबी काढून तेल करत आणि होड्यांना लावत, असं ऐकून होतो. तो विषय निघाला की माझी आई कानांना हात लावायची. त्याच गावातल्या दोघीतिघींशी तिची सख्ख्या बहिणींसारखी मैत्री होती, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं आपण मागे टाकून आलो, असं मला कुवेतला गेल्यावर वाटायचं. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे. नवरा पुण्याचा, एक्स-रे काढणारा, काट्यांना घाबरून मासे खाणारा. अबू हलीफाला समुद्रासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. गॅलरीतून पाणी दिसायचं, म्हणून मी ते घर निवडलं होतं.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे आले तेव्हा मला तिसरा महिना होता. त्याच आठवड्यात अंगावर जायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडून राहा, आणि त्या बसच्या प्रवासाचं तर नावही काढू नका. बस म्हणजे बसरा, बगदाद आणि पुढे वाळवंटातून अम्मान. आमच्या ओळखीचे सगळे त्याच वाटेने गेले. एकेक बिऱ्हाड निरोप घ्यायला यायचं, उरलेली डाळ-तांदळाची पिशवी आमच्या ओट्यावर ठेवायचं आणि माझ्या पोटाकडे न बघता निघून जायचं. दिवाळीपर्यंत इमारतीत दोनच दारं उघडी राहिली होती. आमचं एक, आणि तळमजल्यावरचं चाचांचं.

चाचा रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान. तरुणपणी गलबतावरून कुवेतला आले, काही वर्षं मासेमारीच्या बोटींवर काढली आणि मग खालीच बकाला, म्हणजे किराणा मालाचं दुकान टाकलं. बायको गेलेली, मुलगे मुंबईला. माणूस तोंडाळ आणि कमालीचा बढाईखोर. अरबी समुद्रातली एकही गोष्ट अशी नव्हती जी त्यांनी पाहिली, पकडली किंवा खाल्ली नव्हती. मला ते "बाय" म्हणायचे आणि माझ्या नवऱ्याला "एक्सरेवाले". मी कोळ्याची पोर आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्याशी पापलेटाच्या ताजेपणावरून जे भांडण काढलं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

हिवाळा आला तेव्हा घरात तांदूळ होता, मसूर होती आणि दुकानातले शेवटचे ट्यूनाचे डबे होते. वफ्राच्या शेतांवरून येणारी भाजी कधीच बंद झाली होती. मटण, कलेजी, दूध ही नावं आम्ही घेत नव्हतो. दवाखान्यातली यंत्रं इराक्यांनी ट्रकांत भरून नेली होती, पण एक जुनं साधन कोपऱ्यात राहून गेलं होतं, ते नवऱ्याने घरी आणलं आणि त्यावर मी माझंच रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. मी पुन्हा तपासलं, कारण दुसऱ्या कुणाचं असतं तरी पुन्हा तपासलं असतं. सातच आलं. लोहाच्या गोळ्या संपलेल्या. रक्तपेढीतले फ्रीज रिकामे. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तर बाटली लावायला बाटलीच नव्हती. माझ्या धंद्यात असल्या आकड्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. मी मरणार, आणि कदाचित पोरही जाणार, असं तो आकडा सांगत होता. नवऱ्याला मी खरं ते सांगितलं. तो स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

अशात एका सकाळी दारावर थाप पडली. दोन इराकी शिपाई. त्यांना माणसं हवी होती. नवऱ्याने चपला घातल्या. तेव्हा माणूस एकदा घरातून गेला की कुठे नेला हे कळायला मार्ग नसायचा. त्यामुळे डॉक्टरीणबाईंचा पडून राहायचा सल्ला गुंडाळून ठेवून मी अंगावर शाल घेतली आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरले. चाचाही खाली उभेच होते.

समुद्रावर जायला बंदी होती. सगळ्या वाळूत सुरुंग पेरलेले, पुढे काटेरी तार, तारेमागे खंदक. शिपायांनी स्वतःला पाण्यापर्यंत जायला एक अरुंद वाट ठेवली होती, दोन्ही बाजूंना रिकामे डबे मांडून. त्या वाटेच्या तोंडाशी, ओहोटीच्या वाळूत, तो पडला होता.

मी उभ्या जन्मात देवमासा पाहिला नव्हता, फक्त त्याचं हाड पाहिलं होतं. लांबीला आमच्या दोन खोल्यांएवढा. पाठ काळी, पोट पांढुरकं, त्यावर उभ्या रेघा. शेपटी अजून पाण्यात होती आणि लाटेबरोबर हलत होती, त्यामुळे तो जिवंत आहे असं वाटायचं. मी न कळत हात जोडले.

अधिकाऱ्याचा हुकूम साधा होता. हे धूड खंदकाच्या नाकासमोर सडायच्या आत इथून हलवा. अख्खं ओढायला गेलं तर गाडीच वाळूत रुतत होती, म्हणून तोडून न्या. काय न्यायचं ते न्या, उरलेलं भरतीला सोडा. चाचांचे डोळे चमकले. "मी असले चार कापलेत," ते नवऱ्याला म्हणाले आणि दुकानातून सुऱ्या आणायला पळाले.

मी तारेशी एका खोक्यावर बसले होते. पहाऱ्यावरचा शिपाई कोवळ्या मिशांचा, थंडीने नाक लाल झालेला. त्याने मला विचारलं, "शुनू हाधा?" हे काय आहे? दवाखान्यात शिकलेलं माझं अरबी रक्त, लघवी, उपाशीपोटी या, याच्या पलीकडे फारसं जात नव्हतं. त्याला अरबीत काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. मी आपला मराठी शब्द फोडला आणि एकेक तुकडा अरबीत ठेवला. "समक अल्ला," मी म्हणाले. अल्लाचा मासा.

त्याचा चेहराच बदलला. त्याने दुसऱ्याला हाक मारली, दोघांचं काहीतरी बोलणं झालं आणि चाचा सुऱ्या घेऊन आले तोवर त्याने बंदूक आडवी धरली होती. अल्लाच्या माशाला सुरी लावायची नाही. एक तर ते शिया, खवले नसलेला मासा त्यांच्यात खात नाहीत, आणि त्यात ही बाई सांगतेय, तो खुद्द अल्लाचा आहे. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाल डोक्यावर ओढली.

पण खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं होतं. कारण चाचांच्या डोळ्यांत काय चमकलं ते मला कळलं होतं. त्यांना तेल नको होतं. त्यांना लाल मांस दिसलं होतं आणि ते माझ्यासाठी होतं. नवऱ्याने त्यांना माझा आकडा सांगितला होता. आता हा पोरगा मधे आला होता आणि ते खाण्याचं माझ्यावरचं संकट परस्पर टळत होतं.

चाचा भांडले नाहीत. सुऱ्या वाळूत ठेवल्या आणि त्या शिपायाला हळू आवाजात म्हणाले, "कुल समक, समक अल्ला." सगळेच मासे अल्लाचे. काल तू खाल्लास तो दुसऱ्या कुणाचा होता का? शिपाई विचारात पडला. मग त्याने बंदूक खांद्याला अडकवली आणि बाजूला झाला. मग मराठीवर येऊन चाचा माझ्याकडे बघत म्हणाले, "तू पण ऐक, बाय." मला त्या माणसाचा भयंकर राग आला.

कापायला सुरुवात करण्याआधी ते देवमाशाच्या डोक्याकडे गेले. त्याचा डोळा केवढासा, म्हशीच्या डोळ्याएवढा, तोंडाच्या कोपऱ्याजवळ. तिथे वाकून ते काहीतरी पुटपुटले. नमाजातलं काहीतरी असेल असं मला वाटलं. मग त्यांनी मानेमागे हातभर चीर दिली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हात बाहेर काढून वास घेतला. "गरम हाय. पण आंबला नाय. बिगी करा," ते म्हणाले. देवमासा मेला तरी चरबीमुळे आतून दिवसच्या दिवस ऊबदार राहतो आणि त्या ऊबेनेच हाडापासून नासायला लागतो, हे त्यांनी नवऱ्याला ओरडून सांगितलं. नवरा म्हणाला, "कारण तो मासा नाही, सस्तन प्राणी आहे." त्या परिस्थितीतही चाचांनी त्याला एक सणसणीत कोकणी शिवी दिली.

पोटाला हात लावायचा नाही, आत वारा धरलेला असतो, फुटला तर सगळं फुकट, हा त्यांचा पहिला नियम. काम पाठीकडून. मानेपासून शेपटीकडे एक लांब रेघ कापली. मग हात हात अंतरावर तिला आडव्या चिरा पाडल्या. सुरी चरबीत सारखी अडकायला लागली, तशी त्यांनी शिपायांचं खंदक खणायचं फावडं मागून घेतलं, कानशीने त्याला धार काढली आणि ते कातडी आणि मांस यांच्या मधे घालून ढकलू लागले. सुटलेल्या टोकाला भोक पाडून दोरी ओवली. "आता ओढा," म्हणाले. नवरा आणि चार शिपाई मागे रेलून ओढायला लागले आणि ती चरबी कातडीसकट, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून गोधडी ओढावी तशी उलगडत आली. आवाज ओलं कापड फाडल्यासारखा. खालून धूर निघाला. थंडीत ती वाफ होती, पण मला ती कुणाचा तरी श्वास वाटली आणि मी तोंड फिरवलं.

पुन्हा पाहिलं तेव्हा कण्याच्या दोन्ही अंगांचं मांस उघडं पडलं होतं. मला माशासारखं पांढरं वाटलं होतं. ते लाल होतं, जवळजवळ काळं, बकऱ्याच्या काळजासारखं. चाचा ते कण्याला धरून लांबच्या लांब सोडवत होते, हाडाला सुरी घासत, उगाच इकडेतिकडे न तोडता. मधेच थांबून विचार करायचे. एकदा फावडं चुकीच्या जागी गेलं आणि रक्ताने त्यांची दाढी भिजली. तेव्हा मला संशय आला. त्यांनी चार कापले नव्हते. एकही कापला नव्हता. आपल्या बापाला कापताना पाहिलं होतं, तेवढंच. रात्री नवऱ्याने खोदून विचारल्यावर ते कबूल झाले की आपण तेव्हा टोपल्या वाहत होतो.

नवऱ्याला यकृत हवं होतं, लोह सगळ्यात जास्त तिथे. चाचांनी ते घेऊ दिलं नाही. त्यांचा बाप सांगायचा, ह्याचं काळीज खाल्लं की माणसाची कातडी सोलवटते. उरलेला देह शिपायांनी भरतीला गाडी मागे-पुढे करत पाण्यात ढकलला. कण्याचे मणके पांढरे दिसत होते. त्यातला एकेक आमच्या अंगणातल्यासारखा.

पुढचे दिवस घरभर तोच वास होता. मांसाच्या पातळ पट्ट्या मिठात चोळून चाचांनी गच्चीवर दोऱ्यांवर बोंबलांसारख्या वाळत घातल्या. कुवेतच्या हिवाळ्यातलं कोरडं वारं त्याला चांगलंच मानवलं. अम्गराच्या भंगारबाजारातून कधीकाळी आणलेलं एक पत्र्याचं पिंप त्यांच्या दुकानामागे होतं. त्यात चरबीचे तुकडे, तळाला थोडं पाणी, खाली फळांच्या खोक्यांची लाकडं. फळीने ढवळत बसायचं, करपू द्यायचं नाही. तेल सुटून वर यायचं, खाली तपकिरी चोथा राहायचा. फडक्यातून गाळून ते त्यांनी डब्यांत भरलं. "होडी कुठाय तुमची?" मी चिडून विचारलं. "मग ओतून टाकू काय?" ते म्हणाले.

मी खात नव्हते. नवरा रोज समोर ताटली ठेवायचा आणि रोज उचलून न्यायचा. तो समजावायचा, विज्ञान सांगायचा, एकदा रडला. मी त्याला म्हणाले, तुझ्या घरी गणपती बसतो ना, त्याचं मांस खा म्हटलं तर खाशील?  मला माहीत होतं की हा हट्ट आहे. मला माहीत होतं की आकडा सातवरून सहावर जाईल. तरी हात पुढे जात नव्हता. बापाचं खेकसणं कानात वाजायचं.

मग चाचा स्वतः वर आले. हातात झाकलेलं भांडं. लसूण, लाल मिरची, शेवटची आमसुलं घालून त्यांनी शिजवलं होतं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि खा म्हणालेच नाहीत. बसून पापलेटाचाच विषय काढला. शेवटी मीच विचारलं, "त्या दिवशी त्याच्या डोळ्याशी वाकून काय म्हणालात?"

"काय म्हणणार? बाप म्हणायचा तेच. देवमाशा, आमी तुला मारला नाय. दरयानं दिला, आमी घेतला. घरात तोंडं हायत. माफ कर."

"तुमचा बाप त्याला देवमासा म्हणायचा?"

"मग काय म्हणंल? आमच्यात पण देवमासाच हाय तो." त्यांनी भांड्याच्या झाकणाला हात लावला. "आमच्या घरात आता तोंडं नायत. म्हणून मी तेवढं बदललं. म्हटलं, वरती एक पोटुशी हाय."

त्यांनी झाकण काढलं आणि खाली निघून गेले. मी खूप रडले. खाडीपलीकडचे लोक सुरी लावायच्या आधी माफी मागत होते, हे खाडीच्या अलीकडे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी हात जोडले, माझ्या मनानेही दोन शब्द बोलले आणि जेवले. चव मटणासारखी, फक्त मागाहून समुद्राची. पट्ट्या संपेपर्यंत मी रोज खाल्लं. महिन्याभराने ते साधन पुन्हा बाहेर काढलं तेव्हा आकडा वर सरकला होता. फार नाही, पण सरकला होता. काचेवरचा तो रक्ताचा थेंब मी पुसायच्या आधी बराच वेळ पाहत बसले.

जानेवारीत बॉम्ब टाकणारी विमानं यायला लागली. खिडक्यांना कागद चिकटवले. फेब्रुवारी सरता सरता वीज गेली, पाणी गेलं, आणि तेलविहिरी पेटल्या. त्या धुराने दिवसच उगवेनासा झाला. भर दुपारी बारा वाजता गॅलरीतून आपला हात दिसत नव्हता. त्या काळ्या दुपारी माझ्या कळा सुरू झाल्या. दवाखान्यात जाणं शक्यच नव्हतं. मागच्या इमारतीत अडकून पडलेली एक मलयाळी नर्स नवऱ्याचा हात धरून भिंतीभिंतीने आली. मेणबत्त्या संपल्या होत्या.

चाचांनी ट्यूनाच्या रिकाम्या डब्यांत ते तेल ओतलं, फडक्याच्या वाती केल्या आणि माझ्याभोवती ते डबे मांडून स्वतः दाराबाहेर गेले. देवमाशाच्या तेलाची ज्योत पिवळी आणि स्थिर होती, धूर थोडा, वास थोडा. त्या उजेडात नर्सने नाळ कापली. रक्त गेलं, बरंच गेलं. ती पोटावर हात दाबून धरत होती आणि देवाचं नाव घेत होती, कुठल्या ते मला कळलं नाही. मग ते थांबलं. मुलगी झाली होती. बाहेरून चाचांनी ओरडून विचारलं, "बाय कशी हाय?" मुलीचं त्यांनी नंतर विचारलं.

तिकडच्या उन्हाळ्यात परतीची विमानं सुरू झाल्यावर आम्ही निघालो. चाचा मागे राहिले, दुकानाला रंग द्यायचा होता म्हणे. माहेरी पोचले ते नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप अंगणात हाडाला शेंदूर लावत बसला होता. मुलगी माझ्या कडेवर. मी ठरवून आले होते की सांगायचं नाही. पण त्याची ती शेंदराची बोटं पाहिली आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, "बाबा, मी देवमासा खाल्ला. कापलेला, शिजवलेला. महिनाभर खाल्ला. आणि परत तशी वेळ आली तर परत खाईन."

आईने कानांना हात लावले. बापाचं बोट हाडावर तसंच राहिलं. मी सगळं सांगितलं, आकडा, काळी दुपार, डब्यांतल्या वाती, आणि डोळ्याशी वाकून मागितलेली माफीही.  सांगून झाल्यावर मी त्याच्या ओरडण्याची वाट पाहत उभी राहिले.

तो उठला. हात धोतराला पुसले, माझ्या कडेवरून मुलीला घेतलं आणि त्या हाडावर बसवलं. ती नुकती बसायला शिकली होती, डुलत होती. मी दचकून पुढे झाले.

"बसूं दे गो तिला," बाप म्हणाला. "त्याचीच हाय ती."

ती पडू नये म्हणून त्याने तिच्या पाठीला हात लावून ठेवला होता. शेंदूर तिच्या झबल्याला लागला, तो पुढे कितीही धुतला तरी गेला नाही.